सव्वापाच इंची फ्लॉपी आणि बाबांच्या ओव्या: माझा अनुभव

बाबांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर होत्या. नव्वदच्या सुमारास, जिस्ट कार्ड (पीसीवर भारतीय लिप्या टाइप करता याव्यात म्हणून बसवायचं कार्ड) लावलेल्या पीसीवर त्यांनी त्या टाइप केल्या होत्या. वाचून घ्यायला मी डेटा रिकव्हरीच्या एका दुकानात दिल्या आणि तिथेच सगळं अडलं.

"पुढच्या आठवड्यात या." "ड्राइव्हवाला गावाला गेलाय." मग फोनच उचलेनात. शेवटी काउंटरसमोर ठाण मांडून बसले तेव्हा गठ्ठा परत मिळाला. "मॅडम, सगळ्या ब्लँक आहेत. फॉरमॅट करून देऊ?" फॉरमॅट! घरी येऊन एकेक फ्लॉपी दिव्याखाली धरली. मधल्या भोकात बोट घालून चकती हळूहळू फिरवली, तर लांबट खिडकीतून पांढुरके ठिपके दिसले. बुरशी. दोन फ्लॉप्यांवर तर गोल चकचकीत ओरखडा होता, तपकिरी थर खरवडून खालचं प्लॅस्टिक दिसेल इतका. बुरशीची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की घाण हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या टोकाला, चिकटते आणि मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीची वाट लावतं. दर फ्लॉपीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसायला कितीसा वेळ लागतो? त्या ओरखड्याखालच्या ओव्या कायमच्या गेल्या. हा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

मग घरीच केलं. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह घेऊ नका, तो साडेतीन इंचीच असतो. मला जुन्या 486 पीसीमधला सव्वापाच इंची, 1.2 एमबीचा ड्राइव्ह मिळाला. वीज जुन्या एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) आणि ड्राइव्ह व कॉम्प्युटरच्या मध्ये ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड. हे बोर्ड चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्यामुळे सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, नंतर निवांत सोडवता येतात. मात्र 360 केबीच्या फ्लॉपीवर ट्रॅक (माहितीची वर्तुळं) असतात 40 आणि हा ड्राइव्ह 80 चा, म्हणून हेडला दर वेळी दोन पावलं सरकायला सांगावं लागतं.

हो, आणि या सगळ्याच्या आधी फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंचीत उलटं, तिथे भोक उघडं ठेवायचं.

बुरशी लागलेल्या चकत्या मी पाकिटाची वरची कड कापून बाहेर काढल्या, डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या, पूर्ण वाळवल्या आणि एका टाकाऊ फ्लॉपीच्या पाकिटात घालून वाचल्या. वाचल्या! दुकानाने ब्लँक ठरवलेल्याच या फ्लॉप्या.

फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर घाबरू नका. ती इस्की आहे, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची युनिकोडच्या आधीची अक्षरसंकेत पद्धत. युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच क्रमावर बेतलेली असल्याने बहुतेक अक्षरांची थेट जोडी लागते. भाच्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला, तेवढ्यात काम झालं.

दुकानात द्यायचीच वेळ आली, तर पावतीवर लिहून घ्या: फॉरमॅट करायचं नाही आणि बुरशी दिसली तर फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही.