हबमधले गिअर: रोजच्या सायकलसाठी

पावसाळ्यात डिरेल्युअरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा बाहेरचा भाग) चिखल बसतो आणि गिअर कुरकुरायला लागतात. हब गिअरमध्ये सगळी चक्रं मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, पोटात बंद असतात, चेन सरळ रेषेत चालते, त्यामुळे पूर्ण चेनकव्हर बसवता येतं. सपाट शहरात शिमानो कंपनीचा तीन गिअरचा नेक्सस ३ पुरे, रेंज (सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या किती टक्के) १८६ टक्के. पूल-चढ रोजचे असतील तर नेक्सस ८ घ्या, रेंज ३०७ टक्के. उगाच आठच्या मोहात पडू नका. वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

गिअर घसरला की लोक हबला दोष देतात. बहुतेकदा केबल ताणून सैल झालेली असते. नेक्सस ८ मध्ये चौथा गिअर टाका, हबजवळच्या दोन पिवळ्या रेघा जुळेपर्यंत केबलचा ताण कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टर फिरवा. झालं. गिअर बदलताना पेडलवरचा जोर मात्र क्षणभर सैल करा.

खरी कटकट मागच्या पंक्चरची. चाक काढायचं तर आधी केबल सोडवा, मग १५ मिमी पान्याने नट. परत बसवताना अ‍ॅक्सलचे न फिरणारे वॉशर उलटसुलट झाले तर गिअर लागत नाहीत. काढण्याआधी फोटो काढा. नाहीतर चाक जागेवरच ठेवून फक्त ट्यूब बाहेर ओढा आणि ठिगळ लावा.