मसुराच्या दाण्याएवढा शुक्र

८ जून २००४ रोजी शाळा अजून उघडायची होती. तरीही दहावीच्या जादा तासांना आलेल्या आम्हा मुलांना विज्ञानाच्या सरांनी वर्गात न नेता मैदानावरच थांबवून घेतले. दुर्बिणीमागे धरलेल्या पांढऱ्या कार्डशीटवर सूर्याची वीतभर प्रतिमा पडली होती. पावणेअकराच्या सुमारास तिच्या कडेला खाच पडली आणि पाहता पाहता मसुराच्या दाण्याएवढा काळाकुळकुळीत ठिपका आत सरकला. शुक्राचे ते अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबासमोरून जाणे, यापूर्वी १८८२ साली झाले असल्याने हयात माणसांपैकी कोणीही ते पाहिलेले नव्हते.

ठिपका पाच वाजेपर्यंत सूर्यबिंबावर राहणार होता, त्यामुळे सरांना बोलायला भरपूर सवड होती. पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून या प्रवासाचा काळ मोजला, तर त्यातील फरकावरून सूर्याचे अंतर काढता येईल, अशी पद्धत एडमंड हॅली यांनी १७१६ साली मांडली होती. त्यासाठी फ्रान्सहून पुद्दुचेरीकडे निघालेल्या खगोलशास्त्रज्ञ ल जाँतीय यांची हकिगत सरांनी विशेष रंगवून सांगितली. पुद्दुचेरी इंग्रजांच्या हाती गेल्याने १७६१ चे अधिक्रमण त्यांना हलत्या जहाजावरून पाहावे लागले आणि त्या नोंदी निरुपयोगी ठरल्या. मग पुढच्या अधिक्रमणासाठी ते आठ वर्षे पूर्वेकडेच राहिले, पुद्दुचेरीत वेधशाळा उभारली, आणि १७६९ च्या त्या सकाळी नेमके आभाळ भरून आले. मायदेशी परतले तेव्हा त्यांना मृत समजून वारस मालमत्तेच्या वाटणीला लागले होते. आम्ही हसलो, सर हसले नाहीत.

पुढे भौतिकशास्त्र शिकताना मला शुक्राच्या ढगांनी अधिक खिळवून ठेवले. गॅलिलिओने १६१० साली त्याच्या कला पाहिल्या, पण त्यानंतर साडेतीनशे वर्षे दुर्बिणींना त्या ढगांखालचे काहीच दिसले नाही, आणि तेथे दलदल असेल, समुद्र असतील, असे तर्क जाणकारही करीत राहिले. १९६२ साली जवळून गेलेल्या मरिनर २ या अमेरिकी यानाने मोजलेल्या सूक्ष्मलहरींवरून पृष्ठभाग भट्टीसारखा तापलेला असल्याचे पक्के झाले. सोव्हिएत व्हेनेरा १३ हे यान १९८२ साली सुमारे ४६० अंश सेल्सिअस उष्णतेत आणि पृथ्वीच्या जवळजवळ नव्वदपट दाबाखाली १२७ मिनिटे तगले. त्याच्या जोडीच्या व्हेनेरा १४ चा मातीची घट्टता मोजणारा दांडा नेमका कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झाकणावर टेकला, हे वाचताना मला ल जाँतीयच आठवले. ढगांआडचा जवळजवळ संपूर्ण नकाशा शेवटी मॅगेलन यानाच्या रडारने १९९० नंतर काढला.

भारताच्या शुक्रयानाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली असून त्याचे प्रक्षेपण २०२८ साली योजले आहे. त्यावरही रडार असणार आहे.