कंटाळा आधी प्रेपमध्ये दिसतो
लग्नसराईत नखांवर तोच न्यूड पिंक, तोच फ्रेंच. हात चालतात, डोकं बंद. मग चार दिवसांत जेल पॉलिश नखावरून उचलतं आणि खापर बेस कोटवर, म्हणजे पहिल्या थरावर! आज आर्ट बाजूला ठेवून सगळा वेळ प्रेपला, म्हणजे जेलआधी नख तयार करण्याला दिला. खूप दिवसांनी मजा आली कामाची.

नखाला चिकटलेली पातळ, पारदर्शक क्यूटिकल (मृत त्वचा) राहिली की जेल तिला धरतं, नखाला नाही. पुशरने ती हलकेच सोडवायची, मग 180 ग्रिटच्या फाइलने नुसती चमक घालवायची. जास्त घासलं की नख पातळ होतं आणि जेल कडक करणाऱ्या लॅम्पमध्ये चटका बसतो. धूळ झाडून डिहायड्रेटर, म्हणजे नखावरचा ओलावा-तेल काढणारं द्रव. त्यानंतर नखाला बोट लावायचं नाही. बेस पातळ, त्वचेपासून केसभर लांब, टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवलेला. अंगठे वेगळे क्युअर (लॅम्पखाली कडक) करायचे, चार बोटांसोबत ते लॅम्पमध्ये तिरके राहतात.

त्वचेवर गेलेलं जेल क्युअरआधीच पुसा. जेलमधल्या हेमा (HEMA) या रसायनासारख्या घटकांची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि कच्चं जेल रोज हाताळतो आपण नेल आर्टिस्टच. ग्लोव्हज नायट्राइलचे, जेल लागलं की लगेच बदला.