आमची वाटचाल : फुकटच्या गोष्टींचा धंदा

आमच्या खोक्यात काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एक भिंग, जाड कागदाची कोरी वही, छोटी फुटपट्टी आणि वर्षभराची कार्डं. बिया नाहीत, माती नाही, प्लास्टिकचे प्राणी नाहीत. कार्डावर जे बघायला सांगितलंय ते सगळं बाहेर फुकट मिळतं. कोल्हापूरचा माणूस हे ऐकून तोंडावर विचारतो, "मग पैसे कशाचे घेताय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पैसे घेतो ते कधी काय बघायचं आणि बघताना मुलाला काय विचारायचं, याचे.

मी बालवाडीत शिकवत होते. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया फोन करू लागल्या की पोरांना दिवसभर गुंतवायचं कशात. माझी जाऊ चित्रं चांगली काढते. आम्ही दोघींनी दर आठवड्याला एक पान व्हॉट्सअॅपवर पाठवायला सुरुवात केली: या आठवड्यात दारात, गच्चीवर, परड्यात एवढं बघा. शाळा सुरू झाल्या तरी पानांची मागणी थांबेना. त्याला कारणही आहे. परिसर अभ्यासाचं पुस्तक मुलांच्या हातात येतं ते तिसरीत. किडामुंगीचं सगळ्यात जास्त वेड असतं ते त्याच्या आधीच्या वयात, आणि त्या वयात घरी "हात लावू नको, घाण आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

जूनचं कार्ड आमचं सगळ्यात जुनं. मृग निघाला, पहिल्या सरी पडून गेल्या की ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. मृगाचा किडा सगळ्यांना ठाऊक असतो. कार्डावर एवढंच लिहिलंय: याचे पाय मोजा, मुंगीचे मोजा, दोन्ही शेजारी शेजारी काढा. मुंगीचे सहा भरतात, याचे आठ. म्हणजे हा कोळ्याच्या गोतातला. पाच वर्षांच्या पोराला याहून जास्त सांगायची गरज नसते. सहा आणि आठमधला फरक त्याला स्वतःला सापडला की ते भिंतीवरच्या प्रत्येक किड्याचे पाय मोजत सुटतं. आयांना त्याचा वैताग येतो, तो भाग वेगळा.

जुलैत पाऊस मोजायचा. त्यासाठी सरळ उभ्या कडांची बरणी लागते, निमुळती बाटली चालत नाही. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी, हे कार्डाच्या मागे मोठ्यांसाठी दिलंय. पण खरी गंमत दुसऱ्या रकान्यात आहे. पावसाळ्यात आपल्याकडे घराघरांत एकच चौकशी असते, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आकडे इथली पोरं ऐकतच मोठी होतात. म्हणून वहीत एका बाजूला आपल्या गच्चीवरचा पाऊस लिहायचा आणि शेजारी पंचगंगेची पातळी. चार-आठ दिवस गेले की मूलच विचारतं, "आज इथं ऊन होतं, मग नदी कशी चढली?" तेव्हा नकाशा काढायचा आणि पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडं बोट न्यायचं. तिकडून कुंभी, भोगावती कुठं येऊन मिळतात ते बोटानंच दाखवायचं. नदीचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

भाद्रपदात आमच्याकडं गौरी तेरड्याच्या रूपानं येतात, तेव्हा त्याची पिकलेली बोंडं हळूच दाबून बी कसं उडतं ते बघायचं. आश्विनातलं कार्ड मात्र माझं लाडकं. घट बसवताना पत्रावळीवर मातीत जे धान्य पेरतो, त्यातलंच मूठभर एका वाटीत पेरून खिडकीत ठेवायचं. देवघराच्या अंधारातले अंकुर लांब आणि पिवळट होतात, खिडकीतले बुटके आणि हिरवे. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप उजेडाच्या शोधात नुसतं उंच वाढत जातं. घटाला हात लावायचा नाही, फुटपट्टी लांबून धरायची, ही अट आम्ही कार्डावर छापली आहे. ती सगळ्या आज्यांची आहे.

आज्यांचा विषय निघाला म्हणून सांगते, आमचं खरं गिऱ्हाईक आजी-आजोबाच. आई-वडलांना भीती असते की मुलानं काही विचारलं आणि आपल्याला नाही आलं तर? कागल, भुदरगडकडच्या आजोबांना ती भीतीच नाही. थंडीत उसाची एक डोळ्याची कांडी करवंटीत लावायचं कार्ड आहे. त्यात डोळा वर ठेवायचा की बाजूला, यावर एका घरी आजोबा आणि चुलत आजोबांचं असं जुंपलं की दोन करवंट्या लागल्या. आम्हाला तेच पाहिजे होतं. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो, तोवर पोरगं रोज डोळा बघतं.

मालात भर घाला, असा सल्ला पुष्कळ मिळाला. एका विक्रेत्यानं फुलपाखराच्या अळ्या डबीत घालून विकायचं सुचवलं. आम्ही जिवंत काही विकत नाही. घरटी, अंडी, पिसंही नाहीत. 1972 चा वन्यजीव कायदा आहेच, पण तो नसता तरी विकली नसती. कडीपत्त्यावर अळी आपोआप येते. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून वास मारणारी तांबूस शिंगं काढते. ती झाडावरच बघा, असं आम्ही सांगतो. बरणीत ठेवायचीच असेल तर पानं त्याच झाडाची द्या. कोथिंबीर, कोबी घातला तर उपाशी मरते, आणि बहुतेक घरांत तेच घालतात. एका शाळेनं दोनशे संच घेऊ म्हटलं, फक्त प्रत्येक कार्डावर रिकाम्या जागा भरा आणि जोड्या लावा पाहिजे होतं. घरात तेव्हा छपाईचं बिल थकलेलं होतं, तरी नाही म्हटलं. जावेनं दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

छपाई आम्ही फेब्रुवारीतच उरकतो. एप्रिल-मे मध्ये छापखाने लग्नपत्रिकांत बुडालेले असतात. वही शिवलेली असते आणि कागद जाडच घेतो, कारण इथल्या पावसाळ्यात पातळ कागद पापडासारखा सादळतो.

मागणी बाहेरगावाहूनही येते. नागपूरच्या एका बाईंना संच पाठवला, तर त्यांचा फोन: पाऊस अजून पोचलेला नाही आणि आमच्याकडं गौरीचे मुखवटे असतात, तेरडा कुठून आणू? बरोबरच आहे. तेव्हापासून कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या पलीकडं आम्ही हा संच देत नाही. जावेचं माहेर सावंतवाडीचं. तिथली तिची वहिनी यंदा जूनपासून दर आठवड्याला दारात काय दिसतं ते लिहून पाठवते आहे. तिचं वर्ष पुरं झालं की कोकणाची कार्डं काढायला बसू. तोवर तिकडच्या ऑर्डरी घेत नाही.