‘ते’पासून ‘आम्ही’पर्यंत

फुटबॉलच्या एखाद्या क्लबचे पाठीराखे तुम्ही कधी झालात, असे विचारले की लोक वर्ष सांगतात. का झालात, असे विचारले की गोष्ट सांगतात. अशा गोष्टी मी बरीच वर्षे हौसेने ऐकत आलो आहे आणि त्यांची चाल आता मला पाठ झाली आहे. सांगणारा आधी क्लबचा इतिहास, खेळण्याची शैली, एखाद्या थोर प्रशिक्षकाची शिस्त अशी भारदस्त कारणे पुढे करतो आणि थोडे खोदले की हळूच कबूल करतो, की खरे म्हणजे जर्सीचा रंग आवडला होता, किंवा वर्गातल्या शेजारच्या मुलाने सांगितले होते, किंवा व्हिडिओ गेममध्ये तोच संघ वाट्याला आला होता. निकाल आधी लागलेला असतो आणि पुरावे मागाहून गोळा केलेले असतात.

माझे उदाहरण तर आणखी लाजिरवाणे आहे. मी एव्हर्टन या इंग्लिश क्लबचा झालो, तो दादाने लिव्हरपूल आधीच घेऊन टाकले होते म्हणून. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्यामुळे घरातल्या सगळ्या चांगल्या वस्तूंवर पहिला हक्क त्याचा असे आणि व्हिडिओ गेममधले क्लब त्याला अपवाद नव्हते. मी लाल जर्सीसाठी हटून बसलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘अरे, त्याच शहरात अजून एक टीम आहे, निळी. ती घे.’’ थोरला भाऊ खिडकीजवळची जागा स्वतःकडे ठेवून धाकट्याला मधली जागा ज्या सुरात देऊ करतो, नेमक्या त्याच सुरात हे वाक्य उच्चारले गेले होते. मी ती निळी टीम घेतली. एव्हर्टन नावाचे स्वतंत्र शहर नसून ती लिव्हरपूलमधलीच एक वस्ती आहे, हेही मला पुढे कित्येक महिने ठाऊक नव्हते.

मग मात्र बाजू कमकुवत असलेला वकील जुनी दप्तरे उपसतो, तसा मी कामाला लागलो आणि मला घबाड सापडले. एव्हर्टनची सुरुवात १८७८ साली एका चर्चच्या संघातून झाली, १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांत तो होता आणि १८९१ साली त्याने लीग जिंकली तेव्हा त्याचे घरचे मैदान होते ॲनफील्ड. लिव्हरपूलच्या ज्या मैदानाचे नाव दादा आवाज खाली आणून घेत असे, तिथे आधी एव्हर्टन राहत होता. पुढे मैदानाचे मालक जॉन हौल्डिंग यांच्याशी भाड्यावरून वाद झाला, १८९२ साली बिऱ्हाड उठले आणि स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कवर गेले. हौल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान उरले आणि त्यावर खेळायला कोणीतरी हवे म्हणून त्यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. भाडेकरू निघून गेले नसते, तर दादाचा क्लब जन्मालाच आला नसता. शिवाय या नव्या क्लबचा पहिला पोशाख लाल नव्हता, निळा-पांढराच होता. ही सारी हकिगत मी दादाला विजयी मुद्रेने ऐकवली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, ‘‘बरं, मग लीग जास्त वेळा कोणी जिंकली?’’

अर्थात यातले काहीही माझ्या निवडीचे कारण नव्हते. पण क्षुल्लक कारणांची लाज बाळगण्याचे कारण नाही, असे मला हल्ली वाटते, कारण क्लबांची स्वतःची घडणसुद्धा फारशी विचारपूर्वक झालेली नाही. तुरीनच्या शाळकरी मुलांनी १८९७ साली स्थापन केलेला युव्हेंटस सुरुवातीला गुलाबी शर्ट घालून खेळत असे. धुऊन धुऊन ते शर्ट विटले, तेव्हा संघातल्या एका इंग्रज गृहस्थाने नॉटिंगहॅमच्या आपल्या मित्राकडून नवे मागवले. तो मित्र निघाला नॉट्स काउंटीचा पाठीराखा, म्हणून १९०३ साली आले ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट. आज त्या पट्ट्यांत करारीपणा, संयम आणि आणखी काय काय पाहणारे लोक जगभर आहेत. अर्जेंटिनातल्या बोका ज्युनिअर्सचा निळा-पिवळा रंग बंदरात आलेल्या एका स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून घेतला, असे सांगतात. दुसऱ्या देशाचे जहाज आले असते तर ब्वेनोस आयरिसचा निम्मा भाग वेगळ्या रंगात रंगला असता.

ज्यांना क्लब जन्मतः मिळतो त्यांचा मला पूर्वी फार हेवा वाटे. कामाच्या जागेतून उगवलेले क्लब तर कितीतरी आहेत. आर्सेनल १८८६ साली वूलिचच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यातल्या कामगारांनी काढला. मँचेस्टर युनायटेडचे मूळ १८७८ सालच्या रेल्वे कामगारांच्या न्यूटन हीथ या संघात आहे. वेस्ट हॅमच्या चिन्हावरचे हातोडे हे टेम्स नदीवरच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची खूण आहेत. ल्यूटनच्या संघाला आजही ‘टोप्या करणारे’ म्हणतात आणि नॉर्थॅम्प्टनच्या संघाला ‘चांभार’. तिथल्या कामगाराच्या मुलाला पाठीराखा होण्यासाठी काही ठरवावे लागत नसे. वडील शनिवारी दुपारी जिकडे निघत तिकडे तो त्यांचे बोट धरून जाई. ग्लासगोत आयरिश स्थलांतरितांच्या वस्तीतली दैना पाहून एका धर्मबंधूने मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे राहावेत म्हणून १८८७ साली सेल्टिक स्थापन केला, तेव्हा त्या वस्तीने त्या क्लबला मैदानावरचे आपले नाव मानले. कोलकात्याचा ईस्ट बंगाल १९२० सालचा. फाळणीनंतर पूर्वेकडून उठून आलेल्या माणसांना मागे राहिलेल्या प्रदेशाचे नाव ज्या एका जिवंत गोष्टीत ऐकू येत होते, ती म्हणजे हा क्लब. अशा पाठीराख्याला ‘का’ हा प्रश्नच पडत नाही, आणि पडला तर तो राग येऊन विचारणाऱ्याकडेच पाहतो.

आमच्यासारखे दुरून आलेले पाठीराखे त्यामुळे सदैव किंचित अपराधी असतात. स्टेडियमच्या पायऱ्यांवर कधी बसलो नाही, पावसात भिजलो नाही, तिथल्या बोलीतली घोषणा नीट उच्चारता येत नाही, मग आपण कसले पाठीराखे, असा एक आवाज आत असतो. त्या आवाजाला मी अलीकडे एक उत्तर देऊ लागलो आहे. बापाचे बोट धरून मैदानावर गेलेल्या मुलानेही काही निवडलेले नसते. त्याची चिठ्ठी पाळण्यात निघाली, माझी व्हिडिओ गेममध्ये निघाली. चिठ्ठी दोघांनीही पाहिली नव्हती.

जिंकणाऱ्याच्या मागे धावणाऱ्यांना या जगात फार तुच्छ लेखतात. मला तो अन्याय वाटतो, कारण बहुतेकांचा प्रवेश एखाद्या विजयाच्याच दारातून होतो. २६ मे १९९९ च्या रात्री युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत मागे राहून मँचेस्टर युनायटेडने शेवटच्या भरपाई वेळेत दोन गोल केले, त्या दोन-तीन मिनिटांत जगभर किती मुले त्या क्लबची झाली असतील! २५ मे २००५ रोजी इस्तंबूलमध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला तीन गोलांनी मागे असलेल्या लिव्हरपूलने मिलानशी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर चषक नेला, तेव्हाही तेच झाले. (दादा त्या रात्री पलंगावर उभा राहून नाचला, हे मी त्याच्या परवानगीशिवाय लिहीत आहे.) पण तीन-शून्यने पुढे असताना हरलेल्या मिलानच्या खेळाडूंचे चेहरे पाहून त्याच रात्री मिलानचाही कोणीतरी झाला असेल, अशी माझी खात्री आहे. तो माणूस मला कधीतरी भेटायचा आहे.

खेळाडूच्या मागोमाग चालणारे लोक मात्र मला अजून पुरते समजलेले नाहीत. मेस्सी २०२१ साली बार्सिलोनाहून पॅरिसला आणि २०२३ साली मायामीला गेला, आणि त्याच्याबरोबर लाखो लोकांनी आपले रंग बदलले. त्यांच्या निष्ठेत खोट नाही, फक्त त्यांचे सामान हलके आहे. माझे सामान जड आहे आणि ते जड कधी झाले, याची तारीख मला नेमकी सांगता येते.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, ही फुटबॉलच्या पाठीराख्याची मोठीच सोय आहे. समोरचा माणूस आपल्याच क्लबचा असेल तर ‘‘काल आपण फार वाईट खेळलो’’ असे म्हणायचे आणि तो दुसऱ्या क्लबचा असेल तर ‘‘काल आम्ही वाईट खेळलो, पण तुम्हीही काही फार उजेड पाडला नाही’’ असे म्हणायचे. एका शब्दाने समोरच्याला आत घेता येते आणि एका शब्दाने दाराबाहेर उभे करता येते. पण या दोन्ही शब्दांच्या आधी एक तिसरा शब्द असतो, ‘ते’. नवखा माणूस ‘‘ते जिंकले का?’’ असे विचारतो. मीही कित्येक वर्षे एव्हर्टनला ‘ते’च म्हणत होतो, त्यांचे निकाल पाहत होतो, दादाला चिडवण्यापुरता त्यांचा उपयोग करत होतो, पण ते हरले तर माझ्या झोपेत काही फरक पडत नव्हता.

३० मे २००९ रोजी इंग्लंडच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनची गाठ चेल्सीशी होती. मी दूरचित्रवाणीसमोर नीट बसतो न बसतो, तोच लुई साहाने गोल केला. सामना सुरू होऊन जेमतेम पंचवीस सेकंद झाली होती आणि त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांतला तोवरचा तो सर्वांत वेगवान गोल ठरला. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. दादा म्हणतो, ओरडलास. उरलेल्या एकोणनव्वद मिनिटांत काय करायचे, हे मात्र त्या गोलने कोणालाच सांगितले नव्हते. द्रोग्बाने बरोबरी केली, मग उत्तरार्धात लँपार्डने दुसरा गोल केला, आणि चषक दुसरीकडे गेला. सामना संपल्यावर दादा आत आला आणि त्याने विचारले, ‘‘काय रे, काय झालं?’’

‘‘हरलो आम्ही,’’ मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. एरवी त्याने ही संधी सोडली नसती.

विजयाने माणूस दारापर्यंत येतो. आत घेण्याचे काम, निदान माझ्या बाबतीत, पराभवाने केले. जिंकलेल्या संघाला ‘ते’ म्हणून टाळ्या वाजवता येतात, त्यासाठी आपले काही गुंतलेले असावे लागत नाही. पराभवात मात्र एक रिकामी जागा तयार होते आणि तिथे कोणीतरी बसल्याशिवाय ती दिसतही नाही. गमतीची गोष्ट अशी, की ज्या लँपार्डच्या गोलने मला एव्हर्टनचा केले, तोच पुढे एव्हर्टनचा मॅनेजर झाला. १९ मे २०२२ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मध्यंतराला दोन गोलांनी मागे असताना तीन गोल करून एव्हर्टनने खालच्या श्रेणीत घसरण्याचे संकट टाळले, तेव्हा मैदानाच्या कडेला तोच उभा होता आणि मी त्याला मनापासून दुवा देत होतो. १९५४ पासून वरच्या श्रेणीतून न हललेल्या क्लबच्या पाठीराख्याला अशा संध्याकाळी चषक जिंकल्याइतके समाधान का होते, हे दादाला समजावून सांगण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. एव्हर्टनने शेवटचा मोठा चषक जिंकला तो १९९५ साली. ‘सर्वोत्तमाखेरीज काहीही पुरेसे नाही’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्या क्लबच्या चिन्हावर आहे, आणि ते वाचताना मी हल्ली चष्मा काढून ठेवतो.

हा ‘आम्ही’ किती चिवट असतो, ते लंडनमधल्या विम्बल्डन क्लबच्या लोकांनी दाखवले. मालकांना त्यांचा क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेण्याची परवानगी २००२ साली मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब उभा केला, सार्वजनिक मैदानावर चाचण्या घेऊन खेळाडू निवडले आणि बऱ्याच खालच्या श्रेणींतून खेळत २०११ साली ते फुटबॉल लीगमध्ये परतले. खेळाडू, नोंदणी, लीगमधली जागा हे सारे तिकडे निघून गेले होते. मागे उरले होते फक्त ‘आम्ही’ म्हणणारे लोक, आणि तेवढ्या भांडवलावर क्लब पुन्हा सुरू झाला. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा असे वाटले, की पाठीराखा कसा होतो या प्रश्नात आपण क्लबला उगाच कर्ता समजून बसतो.

गेल्या वर्षी दादाच्या मुलाने क्लब निवडला. दादाने त्याच्यासाठी लाल जर्सी आणून ठेवली होती. मी काकाच्या नात्याने निळी पाठवली होती आणि सोबत हौल्डिंग यांच्या भाडेप्रकरणाची हकिगतही तोंडी सांगितली होती. पुतण्याने दोन्ही जर्स्या बाजूला ठेवल्या, क्लबांच्या चिन्हांचे पान उघडले आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या चिन्हावर बोट ठेवले, कारण त्यावर लांडग्याचे तोंड आहे. दादाने त्याला इस्तंबूल सांगून पाहिले, मी गुडिसन पार्क सांगून पाहिले. त्याने दोघांचेही ऐकून घेतले आणि लांडग्याचे डोळे पांढरे का आहेत, असे विचारले. आता दर आठवड्याला तो निकाल विचारायला येतो आणि निकाल वाईट असला की दादा आणि मी एकमेकांकडे पाहून त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहतो. परवा तो चार गोलांचा निकाल ऐकून थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘ते परत हरले.’’ दादा मला हळूच म्हणाला, ‘‘अजून वेळ आहे.’’