सीडरची कनू, नोंद चौथी: काळे डाग, रंधा आणि रात्रीचा खोकला

मागच्या नोंदीत साच्यावर पहिल्या बारा पट्ट्या बसल्या होत्या. आता चौसष्ट झाल्या, तळ बंद झाला आणि सोळा फुटांची कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या बर्नबीतल्या आमच्या भाड्याच्या गॅरेजमध्ये उताणी नाही, पालथी पडून आहे. फोटोत छान दिसते. पण या वेळी लाकडापेक्षा माझ्या छातीबद्दल जास्त लिहावं लागणार आहे.

आधी लाकूड. वेस्टर्न रेड सीडर हे नाव फसवं आहे, कारण याचं देवदाराशी नातं नाही. हा थुजा प्लिकाटा, आणि आपल्याकडच्या बागेतली मोरपंखी याची भावकी. शाळेत वहीच्या पानात 'विद्या' म्हणून जपून ठेवायचो तीच मोरपंखी. इथे मात्र याच घराण्यातलं झाड साठ मीटरपर्यंत वाढतं आणि १९८८ पासून ब्रिटिश कोलंबियाचं राज्यवृक्ष आहे.

कनूसाठी हेच लाकूड का, ते फळी उचलली की कळतं. सुकल्यावर घनमीटरला साधारण ३७० किलो. सागवान ६५० च्या आसपास. नखाने दाबलं तरी खड्डा पडतो, त्यामुळे पट्टी हाताळताना अंगठी काढून ठेवायची. आकसतंही कमी: ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढकड्यांच्या दिशेने ५ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने जेमतेम अडीच. म्हणून मी सपाट चिरलेली फळी घेऊन तिच्या कडेवरून सहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या. असं केलं की पट्टीच्या रुंद बाजूवर रेषा सरळ उभ्या येतात आणि ती रुंदीत कमी हलते.

चूक नंबर एक. पट्ट्या साच्याला धरून ठेवायला साध्या लोखंडी स्टेपल पिना मारल्या. नोव्हेंबरात इथे रोज पाऊस, गॅरेजमध्ये ओल. दहा दिवसांनी पिना उपटल्या तर प्रत्येक भोकाभोवती निळसर काळं कडं. लोखंडी कढईत आवळे उकळल्यावर जे होतं तेच, किंवा हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते तेच: लाकडातली फिनॉलिक द्रव्यं लोखंड भेटलं की काळी पडतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या फिकट द्रावणाने बहुतेक डाग गेले, सतरा राहिले. पुढच्या वेळी स्टेनलेसच्या पिना. दोन डॉलर वाचवले आणि दोन शनिवार घालवले.

आता मूळ विषय. हे लाकूड कुजत नाही, कारण त्याच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची द्रव्यं असतात. कार्बनचं सात अणूंचं कडं असलेली ही रेणूरचना तशी विरळाच. त्यातलं बीटा-थुजाप्लिसिन म्हणजेच हिनोकिटिऑल, जे जपानी रसायनशास्त्रज्ञ तेत्सुओ नोझोए यांनी १९३६ मध्ये तैवानात हिनोकी या सायप्रस जातीच्या झाडाच्या तेलातून वेगळं काढलं. बुरशीला ते मारक. बाहेरचं पांढरं रसकाष्ठ मात्र बिनकामाचं, त्याला कीड आणि कूज दोन्ही लागतात, म्हणून पट्ट्या निवडताना फिकट कडा छाटून टाकली.

गॅरेजचं दार उघडल्यावर जो वास येतो तो मुख्यतः थुजिक आम्लाच्या मिथाइल एस्टरचा. आणि सीडरच्या भुशाने होणाऱ्या दम्याला जबाबदार धरतात ते तिसरंच: प्लिकॅटिक आम्ल. ते हवेत उडत नाही, भुशाबरोबरच नाकात जातं, पाण्यात सहज विरघळतं. मला महिनाभर वाटत होतं, वास सोसला म्हणजे लाकूड मानवलं. वास त्रास देत नव्हता, म्हणून मी गाफील राहिलो.

ऑक्टोबरच्या शेवटी खडबडीत भाग उडवायला मशीनने पॉलिश पेपर फिरवला, दोन रविवार. काम करताना काही नाही. रात्री दोन-अडीचला खोकला, छातीत आवळल्यासारखं, बायको म्हणाली, "अहो, खिडकी उघडा, तुम्ही शिट्टी वाजवताय." पहिल्यांदा थंडीवर ढकललं. तिसऱ्यांदा तारखा जुळवल्या तर मशीन आणि खोकला हातात हात घालून चालत होते. काही तासांनी, बहुधा रात्री, सुरू होणं हीच सीडरच्या दम्याची खोड. व्हँकुव्हरमध्ये डॉ. मोइरा चॅन-यंग यांनी १९७० च्या दशकापासून सीडर कापणाऱ्या कामगारांच्या याच दम्यावर संशोधन केलं. करवतीच्या गिरण्यांत सुमारे चार-पाच टक्क्यांना हा दमा होतो, आणि काम सोडल्यावरही निम्म्याहून अधिक लोकांचा त्रास पूर्ण जात नाही. हे दुसरं वाक्य वाचून मी मशीन बंद केलं. अनेकांत त्वचेची चाचणीही काही दाखवत नाही, तेव्हा डॉक्टरांनी मला फुंकर किती जोराची आहे ते मोजायचं छोटं यंत्र दिलं: एरवी माझे आकडे ५२० च्या घरात, मशीनच्या रात्री ४१०.

मग बदल केले. दाढी काढली (मुलीने दोन दिवस ओळखलं नाही), कारण केसांवर मास्क घट्ट बसत नाही. साधा धुळीचा नाही, पी१०० म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा रबरी मास्क. मशीनऐवजी हाताचा रंधा आणि धारेची पाती: त्यातून निघतात त्या सोलपट्या, धूळ फारच कमी. इथल्या मूळ रहिवाशांच्या कनू एका खोडातून दगडी, पुढे लोखंडी वाकसाने कोरल्या जात, आणि वाकसाने ढलप्या पडतात. इथल्या हायडा या मूळ रहिवासी समाजाचे शिल्पकार बिल रीड यांची एकाच लाल सीडरमधून घडवलेली १५ मीटरची 'लूतास' ही कनू व्हँकुव्हरच्या १९८६ च्या एक्स्पो प्रदर्शनासाठी तयार झाली. तिला पाणी आणि तापलेल्या दगडांच्या वाफेने रुंद केलं होतं. जुनी पद्धत फुप्फुसांसाठी शहाणी निघाली, असं मला रंधा ओढताना वाटत राहिलं. खरं म्हणजे खांद्यांना ते आवडलेलं नाही.

अडचण एकच. धूळ जावी म्हणून दार उघडं ठेवलं तर गॅरेज चार अंशांवर येतं, आणि त्या थंडीत इपॉक्सी, म्हणजे काचेचं कापड लाकडावर चिकटवायचं दोन भागांचं राळेसारखं रसायन, धड सुकत नाही, चिकट राहतं. तोडगा असा: रंध्याचं काम आधी, मग ओल्या फडक्याने सगळं पुसायचं, गाळणीचा पंखा तीन तास, आणि दुसऱ्या दिवशी हीटर लावून, हातमोजे घालून इपॉक्सी. इपॉक्सीच्या हार्डनरनेही अॅलर्जी होते, हे विसरू नका.

गेल्या शनिवारी बाहेरून काचेचं कापड चढलं. लाल-तपकिरी रंग काचेखाली असा उठून आला की सतरा डाग शोधावे लागतात. आतली वक्र बाजू मात्र बाकी आहे, तिथे रंधा पोहोचत नाही आणि सगळी घासणी पॉलिश पेपरनेच. डॉक्टर म्हणतात, मास्क लावूनही नको. एकदा शरीर चिडलं की अगदी थोडी धूळही पुरते. त्यामुळे आतलं काम एक मित्र त्याच्या अंगणात करून देणार आहे, मी कुंपणाबाहेरून सूचना करणार. वल्हं मी सीडरचं नाही, स्प्रूस या दुसऱ्या लाकडाचं करतोय. काल रात्री ५१५.