जन्मस्थळ : कुवेत

मुलाला २१ पूर्ण व्हायला ३३ दिवस राहिले होते, म्हणून ते तिघं आले होते. एच-४ म्हणजे अमेरिकेत एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या बायकामुलांचा व्हिसा. त्यावरचं मूल २१चं झालं की आईवडिलांच्या फाइलमधून बाहेर पडतं. कॉलेज चालू ठेवायचं तर त्याला स्वतःचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका इमिग्रेशन ऑफिसात मी ११ वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. हा फॉर्म भरताना आया काय बोलतात, ते मला आता पाठ झालंय.

वडील सांगलीचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुलांचं डिझाइन करतात. ग्रीन कार्डाची कॅटेगरी ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षितांचा गट. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मार्च २०१५. नोकरीच्या सगळ्या गटांत मिळून वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, बायकामुलंही त्यातच मोजतात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. हा देश पासपोर्टवरून ठरत नाही, जन्मावरून ठरतो. कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते सरकार दर महिन्याला बुलेटिनमध्ये सांगतं. मे २०२५च्या बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ची तारीख १ जानेवारी २०१३ला अडकली होती. बाकी बहुतेक जगाची २२ जून २०२३ होती.

मी टाइप करत होते आणि वहिनी मुलाची समजूत घालत होत्या. "अरे, आम्हीही सगळं टाकून निघालोच होतो की. चौथीत होते मी. बाबांनी बसमध्ये कोंबलं, थेट अम्मान. तिथून विमानाने मुंबई."

"कुठून निघालात?" मी विचारलं.

"कुवेतहून. नव्वद सालची लढाई नाही का. माझा जन्मच तिथला."

माझे हात थांबले. त्यांचा पासपोर्ट समोरच होता. नाव, आडनाव, जन्मस्थळ : कुवेत.

नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं. कायद्यातच तशी सोय आहे, क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात तिला. मुलांच्या जन्माचा उपयोग नाही, जोडीदाराच्या जन्माचा आहे. कुवेतला वेगळी रांग नाही, ते त्या २०२३वाल्या जगात येतं. २०१५ची तारीख घेऊन बसलेला हा माणूस त्या क्षणी, माझ्यासमोर, करंट होता, म्हणजे त्याचा नंबर लागलेला होता.

मी वकिलांना बोलावून आणलं. त्यांनी पासपोर्ट दोनदा पाहिला आणि एफ-१चा फॉर्म बाजूला ठेवला.

पुढचे तीन आठवडे मी या कामात किती जीव ओतला ते सांगते, कारण आमचं काम म्हणजे फॉर्म भरणं असंच लोकांना वाटतं. मेडिकल आता अर्जासोबतच जोडावं लागतं, मागून चालत नाही. तिघांच्या वेळा मी एकाच डॉक्टरकडे, एकाच सकाळी मिळवल्या. मुलाच्या लसींची नोंद पुण्याच्या बालरोगतज्ज्ञाकडून फोटो काढून मागवली. वहिनींचा जन्मदाखला मात्र कुवेतच्या घरातच राहिला होता. तेव्हा मला शाळा सोडल्याचा दाखला आठवला. त्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसालाच ते ठाऊक असतं. चिपळूणच्या शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं : कुवेत. त्याचं भाषांतर मी केलं. सोबत आजींचं आणि मामांचं प्रतिज्ञापत्र, नोटरी करून. वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी ग्रीन कार्डाचे तिन्ही अर्ज पोचले.

ऑफिसात पेढे आले, वकिलांचं कौतुक झालं. ते मला गोड लागलं नाही.

२०१५च्या आय-१४०वर, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीतर्फे आधीच्या वकिलांनी भरलेल्या फॉर्ममध्ये, पत्नीचा जन्मदेश छापलेला आहे. भरला कोणीतरी, वाचला कोणीच नाही. दहा वर्षं या इंजिनिअरने कंपनी बदलली नाही, कारण बदलली की पर्म, म्हणजे नोकरीच्या जाहिरातींपासून सुरू होणारी कामगार खात्याची मंजुरी, सगळी पुन्हा करावी लागते. मोठमोठी डिग्री मागणारी ही व्यवस्था माणसाला एका खुर्चीला बांधून ठेवते, आणि आम्ही त्याला रांग म्हणतो.

पण ती फाइल २०१९पासून आमच्याकडे आहे. वहिनींचं एच-४चं एक्स्टेन्शन दोनदा झालं, २०१९ला आणि फेब्रुवारी २०२२ला. दोन्ही फॉर्म माझे. दोन्हींत जन्मदेशाच्या रकान्यात कुवेत आहे, मीच टाइप केलेलं.

त्यांना एक मोठी मुलगी आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये ती वीस वर्षांची होती, आणि कुवेतच्या रांगेत तेव्हा थांबावंच लागत नव्हतं. ऑगस्टमध्ये ती २१ची झाली, तिचाही एफ-१चा फॉर्म मीच भरला. आज ती टोरांटोत नोकरी करते. तिच्यासाठी वकिलांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं, वाट निघाली नाही.

हे त्यांना वकिलांनी सांगावं असं ठरलं होतं, पण निघताना वहिनींनी दारात मलाच विचारलं, "ताई, मोठीचं तेव्हा झालं असतं का हो?"

मी म्हटलं, "हो. झालं असतं."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पेढ्यांचा डबा माझ्या टेबलावर सरकवून गेल्या.